‘सदर्न मराठा’चा दाखला, ‘एम. अँड एस. एम.’चा कंदील: पणजोबा नेमके कोणाचे नोकर?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बेळगावात शहापूरला जुनं घर आहे. घरात रेल्वेचा हातकंदील आहे, त्यावर इंग्रजीत ‘एम. अँड एस. एम. आर.’ असा ठसा. पणजोबांच्या नावाचा एक छापील दाखला आहे, वर ‘सदर्न मराठा रेल्वे’, खाली ‘धारवाड’, आणि सालाचा कोपरा नेमका वाळवीनं खाल्लेला. माडीखाली तुळई म्हणून रुळाचा तुकडा घातलाय, त्यावर १८८६ वाचता येतं. आणि घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, पणजोबा ‘सांगलीकर सरकारच्या रेल्वेत’ होते. यातलं खरं कुठलं, ते सरकारी नोकर होते का आणि त्यांची नोंद कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

घोळ होतो तो एका गोष्टीमुळे. आपल्याकडच्या रेल्वेत रुळांचा मालक एक, गाडी चालवणारा दुसरा आणि पाटीवरचं नाव कधीकधी तिसरंच, असा प्रकार पन्नास-साठ वर्षं चालू होता. ‘रेल्वे कोणाची?’ या एका प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. तो तोडून विचारायचा: मालकी कोणाची, चालवत कोण होतं, आणि हे कोणत्या सालचं? अशी फोड केली की तुमच्या घरातल्या बहुतेक गोष्टी एकमेकींशी भांडायच्या थांबतात. सांगलीकरांची गोष्ट तेवढी थोडी वळसा घेऊन येते.

१८७६ ते ७८चा दुष्काळ आपल्या भागाला फार जड गेला. धान्य देशात होतं, पण विजापूर-धारवाडकडे ते वेळेत पोहोचवायला साधन नव्हतं. त्यानंतर दुष्काळ आयोगाने रेल्वेचं जाळं वाढवण्याची शिफारस केली आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. भांडवल लंडनचं, मुख्य कचेरी धारवाडला. नावाचा मराठा राज्याशी संबंध नाही, इंग्रज अंमलदार या मुलखाला ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत, तेच कंपनीला चिकटलं.

हा करार नीट समजून घ्या, कारण तुमच्या ‘सरकारी नोकर होते का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. त्याआधीच्या जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), मद्रास रेल्वे वगैरे कंपन्यांना सरकारने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली होती आणि मार्ग कंपनीचा मानला जाई. तो सौदा सरकारला महाग पडला. म्हणून ‘सदर्न मराठा’सारख्या नव्या कंपन्यांशी करार करताना व्याजाची हमी कमी केली आणि मार्ग पहिल्या दिवसापासून सरकारच्या मालकीचा ठरवला. कंपनीने भांडवल उभं करायचं, मार्ग बांधायचा, चालवायचा आणि ठरलेला हिस्सा घ्यायचा. थोडक्यात रूळ सरकारचे, नोकर कंपनीचे. जुन्या कागदांत याच मार्गाला कुठे ‘स्टेट रेल्वे’ तर कुठे ‘कंपनीची लाइन’ म्हटलेलं दिसतं. दोन्ही बरोबर आहे, बोलणारा मालकीबद्दल बोलतोय की चालवण्याबद्दल एवढंच बघायचं.

आधी पूर्वेकडचा मार्ग झाला. होटगी, विजापूर, बागलकोट, गदग हा पट्टा १८८४ मध्ये सुरू झाला. होटगीला जी. आय. पी.चा ब्रॉडगेज मार्ग होता, हा मात्र मीटरगेज. म्हणजे जी. आय. पी.ची दोन रुळांतली रुंदी १६७६ मिलिमीटर आणि ह्यांची १०००. लहान गेज स्वस्तात आणि लवकर होतो म्हणून तो निवडला, पण होटगीला आणि पुढे पुण्याला प्रत्येक पोतं एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरावं लागे. त्या वेळची काटकसर पुढची शंभर वर्षं हमालीत फेडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपला मार्ग नंतरचा. लोंढ्याहून बेळगावला रेल्वे १८८७ मध्ये आली. पुढे घटप्रभा, कुडचीजवळचा कृष्णेचा पूल, मिरज असं करत १८९० पर्यंत पुण्याशी जोडणी झाली. त्याच सुमाराला मुरगाव बंदरातून येणारी पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे कॅसलरॉकला येऊन भिडली, १८८८ मध्ये. तिचं नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे, आणि ती कंपनी पूर्ण वेगळी होती. धारवाडचा कापूस मुरगावला उतरवावा ही मूळ कल्पना. त्याआधी हा माल बैलगाडीने कारवार-कुमठ्याला जाई आणि बेळगावचा व्यापार आंबोली घाटातून वेंगुर्ल्याला. रेल्वेने वेंगुर्ल्याचा धंदा बसवला, पण मुरगावचाही अपेक्षेइतका उठला नाही, कारण पुण्याचा मार्ग सुरू होताच मुंबईची ओढ जास्त ठरली. पोर्तुगीज रेल्वे तोट्यात राहिली आणि १९०२ मध्ये तिचा कारभार ‘सदर्न मराठा’कडे आला. मालकी तशीच राहिली.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं. पणजोबा गोव्यातल्या कुळें किंवा सांवर्डे भागात होते असं कुठे दिसलं, तर १९०२च्या आधीचा आणि नंतरचा माणूस वेगळ्या कंपनीचा असतो, स्टेशन तेच असलं तरी. कॅसलरॉकला हद्द होती, जकात नाका होता. ऑगस्ट १९५५ नंतर हिंदुस्थान सरकारने ही वाहतूक बंदच केली, ती गोवा मुक्त झाल्यावर पुन्हा सुरू झाली.

आता सांगलीकर. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर मार्ग सुरू झाला. तो कोल्हापूर दरबाराच्या पैशाने झाला, नाव ‘कोल्हापूर स्टेट रेल्वे’, लांबी सुमारे ४७ किलोमीटर. मिरज-सांगली हा छोटा फाटा १९०७चा, तो सांगली संस्थानाचा. पण दोन्हींवर इंजिन, डबे, स्टेशन मास्तर, गार्ड सगळं ‘सदर्न मराठा’चं. दरबाराला उत्पन्नातला वाटा मिळे आणि कंपनी चालवण्याचा खर्च कापून घेई. म्हैसूर संस्थानाच्या मार्गाचं असंच झालं: १८८६ मध्ये तो या कंपनीकडे सोपवला गेला आणि १९३८ पर्यंत म्हैसूरने सगळा परत आपल्याकडे घेतला.

शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. बेळगाव शहर इंग्रजी अमलात आणि त्याला लागून असलेलं शहापूर सांगलीकरांचं. त्यामुळे घरात ‘सांगलीकर सरकार’ हा शब्द रोजचा असणार. दोन शक्यता राहतात. एक, पणजोबा सांगली संस्थानचे रयत होते आणि नोकरी कंपनीत होती, पुढच्या पिढीत दोन्ही वाक्यं एकत्र झाली. दुसरी, त्यांची नेमणूक काही काळ मिरज-सांगली फाट्यावर होती. दोन्ही बाबतींत पगारपत्रक कंपनीचंच. फक्त ते दरबाराच्या बांधकाम खात्यात रेल्वेच्या कामावर असतील तर ते खरोखर संस्थानचे नोकर. ही शक्यता लहान आहे, पण पुसून टाकू नका. दाखल्यावर हुद्दा काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यावरून हे लगेच सुटेल.

१९०८च्या आरंभी मोठा बदल झाला. मद्रास रेल्वे कंपनीचा करार संपला, तिचा नैऋत्येकडचा भाग साउथ इंडियन रेल्वेला गेला आणि वायव्येचा रायचूरकडचा व ईशान्येचा भाग ‘सदर्न मराठा’ला मिळाला. कंपनीने नाव वाढवून ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ केलं आणि मुख्य कचेरी मद्रासला नेली. धारवाडची जुनी कचेरी म्हणजे आज कर्नाटक कॉलेजची मुख्य इमारत. कधी गेलात तर बघा, एका मीटरगेज कंपनीने केवढा थाट मांडला होता ते कळेल.

तर दाखल्यावर ‘सदर्न मराठा’ आणि ‘धारवाड’ दोन्ही असल्याने तो १८८२ ते १९०७ या काळातला धरायला हरकत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. नाव बदललं म्हणून छापील फॉर्म कोणी जाळत नाही, जुना साठा संपेपर्यंत वापरतात, त्यावर कधी शिक्का मारतात तर कधी तेही करत नाहीत. त्यामुळे १९०८-०९ची तारीख निघाली तर दचकू नका. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह बघा, त्यात कधीकधी साल असतं. आणि फॉर्मच्या अगदी तळाशी बारीक टाइपात छपाईचा क्रमांक, प्रतींची संख्या आणि साल असतं का तेही बघा. वाळवीने वरचा कोपरा खाल्लाय, खालचा शाबूत असेल.

कंदिलाचा काळ यापेक्षा सैल आहे. ‘एम. अँड एस. एम. आर.’ म्हणजे १९०८ नंतरचा हे नक्की. पण वरची मर्यादा बरेच जण १९४४ धरतात, ते चूक. १ एप्रिल १९४४ला सरकारने कंपनीकडून कारभार काढून घेतला, पण रेल्वेचं नाव तेच ठेवलं. १४ एप्रिल १९५१ला ही रेल्वे, साउथ इंडियन आणि म्हैसूर स्टेट रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे झाली तेव्हा ते नाव गेलं. म्हणजे कंदील १९०८ ते १९५१ मधला कधीचाही असेल, आणि पणजोबांचा असेल तसा आजोबांचाही असू शकतो. काचा बघा: तिरंगी, म्हणजे लाल-हिरवी-पांढरी फिरती काच असेल तर तो गार्ड, पॉइंट्समन किंवा स्टेशनवरच्या माणसाचा हातदिवा. तळाशी किंवा कडीजवळ कारखानदाराचं नाव असतं. साफ करताना ब्रासो किंवा चिंच लावून घासू नका, उथळ ठसे निघून जातात. कोरड्या कापडाने पुसा आणि टॉर्च तिरकी धरून फोटो काढा.

रुळाबद्दल लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्यात लाटतानाच अक्षरं उठतात: कारखान्याचं नाव, साल, वजन, आणि बऱ्याचदा मागवणाऱ्या रेल्वेची आद्याक्षरं. १८८६ हे साल लाटल्याचं, टाकल्याचं नाही. बेळगावचा मार्ग १८८७चा असल्याने तो रूळ आपल्याकडे पहिल्यांदा अंथरलेल्यांपैकी असेल हे शक्य आहे, जमणारं आहे, पण सिद्ध होत नाही. मुख्य मार्गावरून निघालेला हलका रूळ फाट्यावर, तिथून सायडिंगला, मग कुंपणाच्या खांबाला आणि शेवटी लिलावात जातो. खानापूरपासून रायबागपर्यंत घराघरांत असे रूळ तुळईला आहेत, त्यातले कितीतरी पणजोबा रेल्वेत नसलेल्या घरांत. तेव्हा रूळ घराच्या बांधकामाचा काळ सांगायला थोडा उपयोगी, नोकरीचा पुरावा म्हणून नाही. वजन काढायचं असेल तर मोकळ्या टोकाशी उंची आणि तळपट्टीची रुंदी मोजा. जुने मीटरगेज रूळ ब्रॉडगेजपेक्षा स्पष्टच लहान दिसतात.

सरकारी नोकर होते का? ३१ मार्च १९४४ पर्यंत निवृत्त झाले असतील तर नाही, कंपनीचे नोकर. त्यानंतरही नोकरीत असतील तर हो, पण दाखला १९०७ च्या आतला असेल तर वयाचा हिशेब बघता हे अवघड आहे. घरात ‘पेन्शन होतं’ असं कोणी म्हणत असेल तर नीट चौकशी करा. कंपनीच्या नोकरांना भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी मिळे, दरमहा पेन्शन नाही. रेल्वेत पेन्शनचा पर्याय १६ नोव्हेंबर १९५७ पासून आला. म्हणून ‘पेन्शन’ची आठवण बहुधा आजोबांची असते आणि पणजोबांच्या नावावर जमा होते. दाखल्यावरची कंपनी आणि कंदिलावरची कंपनी वेगळी दिसते म्हणून नोकरी बदलली असंही समजू नका. १९०८ला कंपनी मोडली नव्हती, वाढली होती.

आता नोंदी. इथे सगळं पणजोबांच्या हुद्द्यावर अवलंबून आहे. युरोपियन आणि वरच्या हुद्द्याच्या माणसांची नावं छापील याद्यांत सापडतात. पॉइंट्समन, गँगमन, फायरमन, तारबाबू, बुकिंग क्लार्क यांची सेवापुस्तकं मुदत संपल्यावर रद्दीत काढण्याचीच पद्धत होती. म्हणून मी सुरुवात रेल्वेच्या कचेरीतून करत नाही, शाळेपासून करतो. आजोबा आणि त्यांची भावंडं कुठे जन्मली ते शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही जन्मगाव असतं. एक मूल गदगला, एक कुडचीला, एक लोंढ्याला असं दिसलं की बदल्यांचा नकाशा तयार झाला, साल-महिन्यासकट. बापाचा धंदा या रकान्यात हुद्दाही मिळतो. त्याला जोड म्हणून त्या त्या गावच्या जनन-मरण नोंदी काढा.

हे हातात आल्यावर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्ज कोणत्या कचेरीत, हे आजच्या हद्दीवरून ठरतं. लोंढा, बेळगाव, घटप्रभा, कुडची, शेडबाळ आणि कॅसलरॉकच्या पलीकडचा गोव्यातला मार्ग हुबळी विभागात आहे. हा विभाग १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १ एप्रिल २००३ पासून नैऋत्य रेल्वेत आहे. मिरज, कोल्हापूर आणि पुण्याकडचा मार्ग मात्र मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतो. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पणजोबांची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर येणार. त्याऐवजी नाव (कंपनीच्या कागदात असेल त्याच इंग्रजी स्पेलिंगने), वडिलांचं नाव, हुद्दा, स्टेशन, अंदाजे सालं द्या आणि दोनच गोष्टी मागा: सेवा नोंदवही किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या खातेवहीतली नोंद, आणि ती नष्ट केली असल्यास नष्ट केल्याच्या यादीची प्रत. दुसरी मागणी बहुतेक लोक करत नाहीत.

माणसाची नोंद न मिळाली तरी मार्गाची मिळते. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता, म्हणून जमीन संपादन, पूल, स्टेशनं यांचे सरकारी कागद बेंगळूरपेक्षा मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वे दप्तरात शोधावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. शोधताना ‘मराठा’चं जुनं स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं टाका आणि धारवाडच्या शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’, नाहीतर निम्मं काही दिसणारच नाही. मिरजेकडच्या मार्गावर मध्येमध्ये संस्थानी गावं येतात, रायबाग कोल्हापूरकडे होतं. पण रेल्वेच्या हद्दीतला दिवाणी-फौजदारी अधिकार संस्थानांनी इंग्रजांकडे दिलेला असे, त्यामुळे तिथल्या अपघाताचे किंवा खटल्याचे कागद दरबारच्या दप्तरात न मिळता इंग्रजी बाजूला मिळतात.

गॅझेटिअरबद्दल, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथांबद्दल, एक सूचना. बेळगावचा जुना खंड १८८४चा आहे, तेव्हा बेळगावला रेल्वे आलेलीच नव्हती. तो उघडून ‘रेल्वेचा उल्लेखच नाही’ म्हणून निराश होणारे बरेच भेटतात. उलट १९०८च्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये बेळगाव ‘सदर्न मराठा रेल्वे’वर दाखवलंय, कारण मजकूर नाव बदलण्याआधी जुळवलेला. त्यावरून दाखल्याचं साल पुढे ढकलू नका.

हुबळीला रेल्वे संग्रहालय आहे, २०२० मध्ये सुरू झालं. कंदील ताडून बघायला तिथला एक फेरा उपयोगी पडेल. जाण्याआधी दाखल्याचा पूर्ण फोटो इथे टाका, मागची बाजूही. हुद्दा, खातं (ट्रॅफिक, लोको की इंजिनिअरिंग) आणि सही करणाऱ्याचा हुद्दा या तीन ओळी वाचता आल्या तर सांगली फाट्याचा प्रश्न तरी आजच निकालात निघेल.